डोंगेवाल्याचं तिकीट

कादंबरी वाचायला घेतली की डुलीचंद टेंभरे आधी तिकिटं फाडतात.

तिकिटं म्हणजे जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या, दोन बोटं रुंद चिठ्ठ्या. कादंबरीत नवा माणूस आला की त्याच्या नावाची एक चिठ्ठी. तिच्यावर निळ्या पेनानं तीन ओळी: माणूस कोण, चढला कोणत्या पानावर, उतरला कोणत्या पानावर. तिसरी ओळ मोकळी ठेवतात. पुढे तो माणूस मेला, घरी गेला किंवा लग्न करून सुखी झाला, की ती ओळ भरायची आणि चिठ्ठीला पंच मारायचा. पंच म्हणजे पूर्वी कंडक्टर लोक तिकिटाला भोक पाडायचे तो लोखंडी चिमटा. वाचनालयात सगळे मान खाली घालून पेपर वाचत असतात आणि कोपऱ्यातून 'कट्ट' असा आवाज येतो. नव्या माणसाला वाटतं, उंदराचा पिंजरा पडला. आम्हा जुन्यांना कळतं की कुणीतरी वारलं.

वाचनालय गोरेगावातलं, अगदी लहान. तिथली ग्रंथपाल मी. ग्रंथपाल म्हणजे मी कुलूप उघडते, झाडू मारते, पुरवण्या पळवणाऱ्यांवर नजर ठेवते आणि उरलेल्या वेळात पुस्तकं देते. डुलीचंदभाऊ एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले, मुलगी लग्न होऊन रायपूरला गेली, चार वर्षांपूर्वी बायको वारली. तेव्हापासून सकाळी मी येते तेव्हा ते पायरीवर असतात आणि संध्याकाळी मी किल्ल्या वाजवल्या की नाइलाजानं उठतात.

नोकरीत त्यांचा एकच धर्म होता. जेवढे चढले तेवढे उतरले पाहिजेत. केशोरीच्या गाडीत एकदा नवेगाव बांधचं तिकीट काढलेला एक उतारू नवेगावला उतरलाच नाही. डुलीचंदभाऊंच्या हे पुढच्या फाट्याजवळ ध्यानात आलं. त्यांनी बेल मारून गाडी उभी केली आणि बाकांखाली वाकून शोध सुरू केला. गृहस्थ मागच्या बाकावर मासळीच्या टोपल्यांआड झोपलेले सापडले. त्यांना उठवून, खाली उतरवून, उलट जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवर बसवून दिलं, मगच डबल बेल दिली. तोवर गाडीतले लोक त्यांच्या नावानं शंख करत होते.

"तुमी बोंबला," डुलीचंदभाऊ म्हणाले. "त्याची सीट मी मोजली आहे."

आता गाडी सुटली आणि हाती पुस्तक आलं, पण मोजणी सुटली नाही. त्यांना लघुकथा आवडत नाहीत. "चढलो नाई तं उतरलो, हा का प्रवास आहे?" असं म्हणून ते कथासंग्रह परत करतात. आमच्याकडे अनुदानाच्या पुस्तकांबरोबर एक भली जाडजूड अद्भुत कादंबरी आली होती. तिचे दोन खंड आले होते, तिसरा यायचा होता. राजपुत्र, जादूगार, बोलणारं गिधाड, काळी नदी, सगळा मालमसाला. नाव सांगत नाही, कारण लेखक हयात आहेत आणि डुलीचंदभाऊंनी त्यांना पत्र घातलेलं आहे. कपाटातून तो ग्रंथ काढून त्यांनी हातावर तोलला आणि खूश होऊन म्हणाले, "ही लांब रूटची गाडी आहे, मॅडम."

आमची पहिली चकमक याच कादंबरीवरून झाली. मी विचारलं, राजपुत्र कसा वाटला? ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी पेपरमधला बाजारभाव विचारला असावा.

"हिरोची काळजी लेखक करते," ते म्हणाले. "त्याले कोणी विसरत नाही. मी मागच्या सीटवाल्याईले पाह्यतो."

मागच्या सीटवाले म्हणजे घोडा धरून उभा राहिलेला मोतद्दार, राजपुत्राला ताक देणारी म्हातारी, 'महाराज, शत्रू आला' एवढंच सांगायला धावत आलेला दूत. अशा सगळ्यांची चिठ्ठी निघते. पहिला खंड संपला तेव्हा भाऊंच्या हातात भोक न पडलेल्या तेवीस चिठ्ठ्या उरल्या होत्या. त्या त्यांनी माझ्या टेबलावर ओळीनं मांडल्या.

"गाडी डेपोत लागली, मॅडम, ड्रायव्हर घरी गेला, अन् तेवीस सीटा अजून आतच बसून आहेत. असा का लेखक असते?"

या चिठ्ठ्या कधीकधी पुस्तकांत राहून जातात आणि त्याचा त्रास मला होतो. सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरनं रहस्यकथा नेली होती. तिला मध्येच चिठ्ठी सापडली: 'दूधवाला. चढला पान ९. उतरला —'. तिला वाटलं, कुणीतरी खुनी कोण ते लिहून ठेवलंय. तिनं उरलेली दीडशे पानं दूधवाल्यावर संशय घेत वाचली. दूधवाला नवव्या पानावर दूध घालून गेला तो गेलाच. सिस्टर मला इतकं बोलली की मी त्या दिवशी दुपारीच कुलूप लावलं.

पण भाऊंच्या मनाला खरा लागला तो डोंगेवाला.

दुसऱ्या खंडात पान दोनशे बारावर राजपुत्राच्या मागे शत्रूची फौज लागलेली असते. पुढे काळी नदी. काठावर एक म्हातारा डोंगा, म्हणजे लहान होडी, घेऊन बसलेला. तो एक शब्द न बोलता राजपुत्राला पलीकडे सोडतो. राजपुत्र पुढे डोंगर चढून जातो, तिथे त्याला जादूची तलवार, राजकन्या वगैरे सगळं मिळतं. म्हातारा डोंगा वळवून परत निघतो. संपलं. पुढच्या चारशे पानांत त्याचं नाव नाही.

"परत कुठं निघाला तो?" डुलीचंदभाऊ मला विचारत होते. "अलीकडे. अन् अलीकडे कोण आहे? फौज. मंग त्याचं का झालं?"

मी म्हटलं, भाऊ, त्याचं काम झालं.

"काम झालं म्हणून माणूस संपते का?"

त्यांनी लेखकांना प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी छापील कार्ड आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. भाऊंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि चिठ्ठीबरोबर ठेवून दिलं. पुढे या कादंबरीवर मालिका निघाली. दिवाळीला जावई आले तेव्हा त्यांच्या मोबाईलवर भाऊंनी नदीचा भाग पाहिला. मालिकेत डोंगाच नव्हता. राजपुत्र उडत्या घोड्यावर बसून पार झाला. दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्यांनी पुस्तकच उघडलं नाही. दुपारी चहा घेताना एवढंच म्हणाले, "पुस्तकात तं निदान त्याले चढवलं होतं. यायनं तिकीटच नाही देलं."

आणि नेमकं त्याच वर्षी मी तोच गुन्हा केला.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाळणे, जिलेबी, घरोघरी पाहुणे आणि नाटक. नाटकाशिवाय मंडई म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. आमच्या गावात रात्रीचा मान वडशाहून येणाऱ्या मोठ्या कंपनीचा असतो, दुपार गावच्या हौशी मंडळाची. मंडळाचे अध्यक्ष गेंदलाल पटले. त्यांची राईस मिल आहे आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीही राजपुत्र तेच होतात. त्या वर्षी त्यांना जादूचं नाटक हवं होतं. गावात लिहिता येणारं माणूस म्हणून मला धरलं. मी त्या कादंबरीच्या दोन खंडांचं अडीच तासांचं नाटक केलं आणि त्याचा मला फार अभिमान होता.

नट अकरा होते. गिधाडाला एक माणूस जाणारच होता. म्हणून मी डोंगेवाला काढला. राजपुत्र येऊन सांगतो, "पाहा, ती काळी नदी ओलांडून मी आलो." एका वाक्यात नदी पार.

हे वाक्य पहिल्या तालमीला डुलीचंदभाऊंनीच मोठ्यानं वाचलं, कारण ते मंडळाचे प्रॉम्प्टर. आमच्या भागात नाटक नट करतात आणि विंगेतून प्रॉम्प्टर बोलतो. गेंदलालभाऊंनी वीस वर्षांत स्वतःचं एकही भाषण पाठ केलेलं नाही. डुलीचंदभाऊ कुजबुजतात, ते गर्जतात. तर ते वाक्य वाचून भाऊ थांबले. वही मिटली. खिशातून डोंगेवाल्याची चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली.

"मॅडम, तुमी बी?"

मी म्हटलं, नाटक लांबतं.

"लांबते तं एखादं गाणं काढा."

गाणं काढा म्हटल्यावर पेटीवाला उठून उभा राहिला. गेंदलालभाऊ म्हणाले, "अरे डुलीचंद, डोंगेवाल्याले कोण पाह्यते बे? लोक मले पाहाले येतात."

डुलीचंदभाऊ उठले. वही गेंदलालभाऊंच्या हातात दिली आणि चप्पल घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. तालमीत मात्र गेंदलालभाऊ राजकन्येसमोर गुडघा टेकून पाच मिनिटं नुसते बसून राहिले, कारण पुढचं कुणी सांगेना. चौथ्या दिवशी राईस मिलचे मालक स्वतः मोटरसायकल घेऊन त्यांच्या दारात गेले, मागच्या सीटवर मी.

अट एकच होती. डोंगेवाला चढेल, आणि उतरेल.

मला वाईट वाटत होतंच, म्हणून मी रात्रीत त्याच्यासाठी चांगलं दणदणीत मरण लिहिलं. फौज येते, सेनापती विचारतो राजपुत्र कुठे, म्हातारा सांगत नाही, छातीत भाला, पडदा. वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. भाऊंनी वाचलं आणि परत दिलं.

"मारून उतरवणं सोपं असते, मॅडम. त्याले घरी पोचवा. त्याची बायको वाट पाहून राहिली असन."

"कादंबरीत त्याला बायको कुठे आहे, भाऊ?"

"पान दोनशे तेरा. त्याच्या सदऱ्याले खांद्यावर ठिगळ आहे, बारीक टाक्याचं. लेखकानं लिहिलं आहे. बुढ्यानं स्वतः लावलं असतं तं बारीक टाके असते का?"

मी पुस्तक काढून पाहिलं. ठिगळ होतं. बारीक टाक्यांचं होतं. ते पान मी नाटक लिहिताना तीनदा वाचलं होतं, आणि मला ते दिसलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. मी नवा प्रवेश लिहिला: डोंगेवाला राजपुत्राला सोडतो, परत न फिरता पलीकडेच वल्ह्यानं डोंग्याचा तळ फोडतो म्हणजे फौजेला नदी ओलांडता येऊ नये, सेनापतीला तिथूनच दोन शब्द सांगतो आणि वल्हं खांद्यावर टाकून घरी जातो. बारावा नट नव्हता, तेव्हा डोंगेवाला डुलीचंदभाऊच झाले आणि वही घेऊन विंगेत मी उभी राहिले. बांबूला बारदाना गुंडाळून डोंगा केला. तो दोरीनं ओढायचा होता.

मंडईच्या दुपारी मंडप गच्च भरला. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, मागे उभे राहिलेले वेगळे. पहिला अंक सुरळीत झाला. दुसऱ्या अंकात राजपुत्र धावत आला. डोंग्यापाशी डुलीचंदभाऊ बसले होते आणि लांबूनही दिसत होतं की ते पुरते घाबरलेत. मी वाक्य सांगितलं. गेंदलालभाऊ गर्जले, "हे नाविका, मला पैलतीरी ने."

भाऊंचं वाक्य होतं, 'जशी आज्ञा, महाराज.' माणूस घाबरला की तोंडात तेच येतं जे एकतीस वर्षं आलेलं असतं.

"चढा," डुलीचंदभाऊ म्हणाले. "मागं सरका."

मंडपात खसखस पिकली. मी विंगेतून जीव तोडून पुढचं वाक्य सांगत होते, पण भाऊंना आता माझा आवाज ऐकू येत नव्हता. डोंगा करकरत पलीकडे गेला. भाऊ उठून उभे राहिले आणि डाव्या हातानं हवेतच बेलची दोरी ओढली.

"काळी नदी. काळी नदीवाले उतरून घ्या. सामान पाहून घ्या."

आता लोक हसता हसता एकमेकांच्या अंगावर पडू लागले. गेंदलालभाऊ इतके चिडले की तलवार डोंग्यातच टाकून तरातरा निघाले. ते विंगेपर्यंत पोचले असतील तोच मागून हाक आली, "ओ भाऊ, सामान राहिलं." राजपुत्र वळला, परत आला आणि मुकाट्यानं तलवार घेऊन गेला.

मी डोक्याला हात लावला होता. नाटक बुडालं, हे मला कळून चुकलं होतं. मग डोंगेवाला डोंग्यापाशी एकटा उरला. वल्हं उचलून तळ फोडायचा होता. भाऊंनी वल्ह्याकडे पाहिलंच नाही. कमरेचा पंच काढला, खाली वाकले आणि डोंग्याच्या बारदान्याला लावला. माइक जवळच होता. सगळ्या मंडपात ऐकू आलं, कट्ट.

हसणं थांबलं. का थांबलं ते मी नक्की सांगू शकत नाही. म्हाताऱ्यानं आपल्या हातानं आपला डोंगा बुडवला, एवढं मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं होतं.

सेनापती अलीकडच्या काठावर धावत आला. हा आमचा लाइनमन नंदू, आवाज खणखणीत. "म्हाताऱ्या, डोंगा आण. आम्हाला पलीकडे जायचंय."

डुलीचंदभाऊंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"लास्ट गाडी गेली," ते म्हणाले. "आता सकाळी."

त्या मंडपात असा एक माणूस नसेल ज्यानं स्टँडवर उभं राहून हे वाक्य ऐकलेलं नाही. कित्येकांनी तर भाऊंच्याच तोंडून ऐकलं होतं. आज ते वाक्य फौजेला ऐकवलं गेलं. मंडप उठला. शिट्ट्या, टाळ्या, आणि वन्स मोअर. आमच्याकडे वन्स मोअर म्हटलं की नाही म्हणता येत नाही. डोंगा पुन्हा अलीकडे आणला, राजपुत्र पुन्हा चढला, पुन्हा मागं सरकला. तिसऱ्यांदा प्रवेश झाला तेव्हा मी पाहिलं, गेंदलालभाऊंनी तलवार आपण होऊन डोंग्यात ठेवली आणि हाक येईपर्यंत मुद्दाम हळू चालले. मोठ्या मनाचा माणूस आहे, उगाच वीस वर्षं राजपुत्र होत नाही.

शेवटी डोंगेवाल्यानं वल्हं खांद्यावर टाकलं. वहीत लिहिलं होतं, 'उजव्या विंगेत जातो.' भाऊ उजव्या विंगेत गेले नाहीत. ते समोरच्या पायऱ्यांवरून खाली मंडपात उतरले आणि बायकांच्या बाजूनं चालू लागले. बायकांनी पाय आवरून वाट दिली. डावीकडच्या दुसऱ्या खांबापाशी ते थांबले. तिथे बसलेल्या आजीबाई थोड्या सरकल्या. भाऊंनी खांबाला हात लावला, काहीतरी पुटपुटले आणि सरळ मंडपाबाहेर निघून गेले. टाळ्या चालूच होत्या. हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं, म्हणून मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयाच्या पायरीवर होते. आत येऊन डोंगेवाल्याची चिठ्ठी टेबलावर ठेवली, 'उतरला'च्या पुढे 'घरी' असं लिहिलं आणि पंच मारला. मग खुर्ची ओढून बसले.

"मी बी नाटकात होतो, मॅडम. जवान असताना. अकरा वर्षं भालदार. भाला धरून राजाच्या मागं उभा राहाचं, बोलाचं काही नाही. माही बायको, तिरोड्याची सुलकन, दरसाली त्या खांबापाशी बसे. लोक राजाले पाहत, बायको मलेच पाहे. घरी आलो की विचारे, 'राजा मेल्यावर तुमी कुठं गेले?' मी म्हणो, विंगेत गेलो, बिडी ओढली. तिले राग ये. 'असं नसते. त्याचं घर असन, कोणी वाट पाहत असन. तुमी घरी गेले का नाही ते सांगा.' मी हासो. दवाखान्यात होती तवा बी एकदा विचारलं तिनं. तवा बी हासलोच. सांगाचं राहूनच गेलं." ते पंच हातात फिरवत राहिले. "काल सांगतलं, घरी आलो म्हणून."

मी चहा ठेवायला उठले. त्यांनी परत केलेला दुसरा खंड कपाटात लावायला उचलला तर त्यातून एक चिठ्ठी पडली. कागद पिवळा पडलेला, अक्षर भाऊंचंच. 'सुलकन. चढली तिरोडा. उतरली —'. पुढे काही नव्हतं. भोकही नव्हतं.

मी ती त्यांच्यासमोर ठेवली. जगातला एकही माणूस गाडीत बसून राहिलेला ज्यांना खपत नाही, त्या डुलीचंदभाऊंनी ती चिठ्ठी उचलली, पंचकडे पाहिलं, आणि पंच टेबलावर ठेवून दिला.

"हे राहू द्या," ते म्हणाले. "ही सीट अजून गाडीतच आहे."

चिठ्ठी सदऱ्याच्या वरच्या खिशात गेली. चहा झाला. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तिसरा खंड आला का, मॅडम?"

"आला. कालच्या पार्सलात."

"डोंगेवाला आहे का त्याच्यात?"

मी आधीच चाळून पाहिलं होतं. "नाही, भाऊ."

"नसन तं नसन," डुलीचंदभाऊ म्हणाले आणि जुन्या कॅलेंडरचं एक पान काढून ऐटीत तिकिटं फाडायला लागले. "आपला पोचला घरी."